एकट्याचा खेळ, अनेकांचा आधार

कुमार गटाच्या कोणत्याही टेनिस स्पर्धेत सकाळच्या सत्रात दिसणारे दृश्य सहसा ठरलेले असते. कोर्टभोवतीच्या जाळीबाहेर आई-वडील उभे असतात. कोणाच्या हातात पाण्याची बाटली आणि केळी, कोणाच्या खांद्यावर रॅकेटची जादा पिशवी. आत बारा-तेरा वर्षांचा खेळाडू सर्व्हिस करण्यापूर्वी दोन-तीनदा चेंडूचा टप्पा घेतो आणि नकळत जाळीबाहेर पाहतो. त्या एका नजरेत त्याला धीर दिसतो की धास्ती, याचा त्याच्या खेळावर परिणाम होतो काय? होत असल्यास तो कसा होतो? वरवर घरगुती वाटणाऱ्या या प्रश्नाचा क्रीडा मानसशास्त्राने पद्धतशीर अभ्यास केला आहे. खेळाडूभोवतीची माणसे ही केवळ सोय नसून त्याच्या कामगिरीचा एक घटक असतात, असे या अभ्यासातून दिसून येते. मात्र आधार जितका अधिक तितकी कामगिरी उत्तम, असा सरधोपट हिशेब येथे लागू पडत नाही.

टेनिसमधील एकटेपण

टेनिसच्या एकेरी सामन्यात खेळाडूला बदली नसते आणि त्याची चूक झाकणारा सहकारीही नसतो. दोन गुणांमध्ये २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९० सेकंद एवढाच त्याला मिळणारा अवकाश. या वेळात नुकतीच झालेली चूक विसरायची, पुढचा डाव आखायचा आणि मन शांत ठेवायचे, हे सारे त्याला स्वतःच करावे लागते. डेव्हिस चषकासारख्या सांघिक स्पर्धांत कर्णधाराला कोर्टलगत बसून सल्ला देता येतो. इतरत्र मात्र सामना सुरू असताना प्रशिक्षकाने सूचना देणे दीर्घकाळ नियमबाह्य होते. पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यात जुलै २०२२ पासून प्रेक्षागृहातून सूचना देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने १ जानेवारी २०२५ पासून कोर्टबाहेरील मार्गदर्शनाला नियमांत स्थान दिले. तरीही चेंडू मारण्याच्या क्षणी खेळाडू एकटाच असतो.

पराभवाचे प्रमाण हे या खेळाचे दुसरे वैशिष्ट्य होय. ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत १६ जण गारद होतात आणि अखेरीस एकच खेळाडू अपराजित राहून घरी परततो. म्हणजे एखादा चांगला खेळाडूही वर्षातील बहुतेक स्पर्धांचा शेवट पराभवानेच करतो. त्यात सततचा प्रवास, क्रमवारीचे गुण टिकविण्याची धडपड, दुखापती आणि वाढता खर्च यांची भर पडते. अशा खेळात पराभवानंतरच्या संध्याकाळी सोबत कोण आहे, या प्रश्नाला साहजिकच महत्त्व येते.

‘पाठबळ’ म्हणजे काय?

सामाजिक पाठबळाची संकल्पना मुळात आरोग्याच्या क्षेत्रातून आली. अमेरिकी वैद्यक सिडनी कॉब यांनी १९७६ मध्ये तिची मांडणी करताना तीन गोष्टी सांगितल्या: आपली कोणी काळजी करते, आपल्याला मान आहे आणि आपण परस्परांच्या जबाबदारीने बांधलेल्या माणसांपैकी एक आहोत, ही जाणीव. पुढे शेल्डन कोहेन आणि टॉमस विल्स यांनी १९८५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन पाठबळाचे दोन प्रकारचे परिणाम स्पष्ट केले. पहिला थेट परिणाम. ताण असो वा नसो, आधार असलेल्या माणसाचे मन अधिक स्थिर राहते. दुसरा परिणाम ढालीसारखा. ताण वाढतो तेव्हा आधार त्याचा आघात सौम्य करतो. ताण नसताना या ढालीचा फारसा उपयोग जाणवत नाही.

क्रीडाक्षेत्रात पाठबळाचे चार प्रकार मानले जातात. पहिला भावनिक आधार, म्हणजे ऐकून घेणे, जवळ असणे, दिलासा देणे. दुसरा आत्मविश्वासाला दिलेला आधार. ‘तुला हे जमते’ याची पुराव्यासह आठवण करून देणे. तिसरा माहितीचा आधार, म्हणजे तंत्र, डावपेच, आहार किंवा दुखापतीविषयीचा सल्ला. चौथी प्रत्यक्ष मदत. यात पैसा, प्रवास, सरावासाठी जोडीदार, मैदानावर ने-आण अशा गोष्टी येतात. हे चारही प्रकार एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. रॅकेटच्या तारा तुटल्या असताना सांत्वन कामाचे नसते आणि मन खचले असताना बॅकहँडवरचे व्याख्यान नकोसे वाटते.

टेनिसपटूंचा अभ्यास

टेनिसच्या संदर्भात या विषयाचा पाया घालण्याचे श्रेय ब्रिटनमधील टिम रीस आणि लू हार्डी या संशोधकांना दिले जाते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उच्च दर्जाच्या दहा खेळाडूंच्या सविस्तर मुलाखती होत्या. खेळाडूंना कोणता आधार महत्त्वाचा वाटतो, हे त्यांच्याच शब्दांतून समजून घेण्याचा तो प्रयत्न होता. वरील चारही प्रकार त्यात आढळले आणि प्रत्येकाला खेळातील विशिष्ट प्रसंगांचा संदर्भ असल्याचे दिसले.

यानंतर २००४ मध्ये या दोघांनी १३० टेनिसपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पर्धेचे दडपण आणि सरावातील तांत्रिक अडचणी यांसारख्या ताणांशी त्या त्या ताणाला साजेसा आधार जुळवून पाहणे, हे त्याचे वेगळेपण होते. या संशोधकांनी केवळ जय-पराजय मोजला नाही. समोरचा खेळाडू किती बलवान आहे, यावर निकाल ठरत असल्याने तो एकट्याच्या कामगिरीचा विश्वासार्ह निकष ठरत नाही. म्हणून खेळात तल्लीन होणे, चिंता वाटणे, मरगळ येणे अशा कामगिरीमागील घटकांवर भर देण्यात आला. ज्या खेळाडूंना आधार लाभत होता, त्यांच्यात हे घटक अधिक अनुकूल आढळले आणि ताण जास्त असताना आधाराचा ढालीसारखा परिणामही दिसून आला.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. खेळाडूंनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आणि एकाच वेळी घेतलेल्या नोंदींवर आधारलेला अभ्यास संबंध दाखवितो. कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. जिंकणाऱ्याभोवती माणसे आपोआप गोळा होतात, हेही खरेच. त्यामुळे आधारामुळे खेळ सुधारला की खेळ सुधारल्यामुळे आधार वाढला, याचा उलगडा करण्यासाठी दीर्घकाळ चालणारे अभ्यास आणि प्रयोग आवश्यक ठरतात.

परिणाम कसा घडतो?

आधार आणि कामगिरी यांमधील दुवा अनेक पदरी आहे. पहिला पदर प्रसंगाकडे पाहण्याच्या दृष्टीचा. निर्णायक सेटमध्ये ४-५ अशी पिछाडी असताना सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूला तो क्षण आव्हान वाटू शकतो किंवा संकट. हरलो तरी आपले स्थान ढळणार नाही, ही खात्री असलेला खेळाडू त्याच क्षणाकडे तुलनेने मोकळ्या मनाने पाहतो. संकट वाटले की स्नायू ताठरतात, हात आखडतो आणि चेंडू जाळीत जातो, हा अनुभव क्लबच्या पातळीवर खेळणाऱ्यांनाही असतो.

दुसरा पदर आत्मविश्वासाचा. विश्वासू प्रशिक्षकाचे नेमके शब्द खेळाडूला स्वतःच्या क्षमतेची आठवण करून देतात. तिसरा पदर चिकाटीचा. पहिल्या फेरीतील पराभवानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला जाण्याचे बळ बऱ्याचदा घरातून येते. हा परिणाम एका सामन्यात दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावातून तो प्रकट होतो. बेंजामिन ब्लूम यांच्या १९८५ च्या प्रसिद्ध अभ्यासात जागतिक दर्जाच्या टेनिसपटूंसह जलतरणपटू, पियानोवादक, शिल्पकार, गणितज्ञ आदी १२० जणांच्या जडणघडणीचा मागोवा घेण्यात आला होता. कुटुंबाचा दीर्घकालीन सहभाग आणि सुरुवातीला गोडी लावणारे प्रेमळ शिक्षक, हे सूत्र त्यात पुन्हा पुन्हा आढळले.

मिळालेला आधार, जाणवलेला आधार

प्रत्यक्षात मिळालेली मदत आणि गरज पडल्यास मदत मिळेल हा विश्वास, यांत संशोधक काटेकोर फरक करतात. पॉल फ्रीमन, पीट कॉफी आणि टिम रीस यांनी २०११ मध्ये खेळाडूंसाठी तयार केलेल्या १६ विधानांच्या प्रश्नावलीत दुसऱ्या प्रकाराचेच, म्हणजे उपलब्ध वाटणाऱ्या आधाराचे मोजमाप केले जाते. मानसिक स्वास्थ्याशी या विश्वासाचा संबंध बहुतांश अभ्यासांत ठळकपणे आढळतो. मिळालेल्या मदतीबाबतचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. त्याचे एक कारण सरळ आहे: जो अधिक अडचणीत असतो, त्यालाच अधिक मदत मिळते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मदत दिसली की तिच्यासोबत ‘तुला एकट्याला जमत नाही’ असा संदेशही पोहोचू शकतो. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी सन २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवारांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला. जोडीदाराने दिलेला, परंतु उमेदवाराच्या लक्षातही न आलेला आधार सर्वाधिक हितकारक ठरला. उघड मदतीने उलट मनावरचा भार वाढल्याचे दिसले. हा अभ्यास खेळाडूंचा नव्हता. तरी सामन्याच्या आदल्या रात्री वारंवार ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे बजावणाऱ्या घरांना त्यातून बोध घेता येईल. न बोलता भरून ठेवलेली पिशवी आणि वेळेवर मिळालेले जेवण हाही आधारच होय.

पालक: आधार की ओझे?

टेनिसमध्ये पालकांचा सहभाग अटळ आहे. खर्च, वाहतूक, शाळेशी बोलणी, परगावच्या स्पर्धा ही सारी जबाबदारी घरावरच पडते. अमेरिकेतील डॅनियल गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १३२ कुमार टेनिस प्रशिक्षकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. प्रशिक्षकांच्या मते सुमारे ५९ टक्के पालकांचा प्रभाव मुलांच्या प्रगतीला पोषक, तर ३६ टक्क्यांचा मारक होता. आर्थिक व भावनिक साह्य, ने-आण आणि मुलांना दिलेली संधी या पालकांच्या जमेच्या बाजू ठरल्या. विजयाला अवाजवी महत्त्व देणे, अवास्तव अपेक्षा आणि टीका यांची नोंद उणिवांत झाली.

मुलांना स्वतःला काय हवे असते? कॅमिला नाइट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॅनडातील ४२ कुमार टेनिसपटूंशी गटचर्चा करून हा प्रश्न विचारला. मुलांची उत्तरे स्पष्ट होती. पालकांनी तंत्र आणि डावपेचांवर सल्ला देऊ नये. निकालावर बोलण्याऐवजी प्रयत्न आणि वृत्ती यांवर बोलावे. खाणे, विश्रांती, सामन्याची तयारी अशा व्यावहारिक गोष्टींची आठवण द्यावी. खेळाचे शिष्टाचार पाळावेत. आणि तोंडाने प्रोत्साहन देताना चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नये. मुले शब्दांपेक्षा चेहरा आधी वाचतात, हेच या शेवटच्या अपेक्षेतून व्यक्त होते.

आधाराचे जाचात रूपांतर होण्याचे टोकाचे उदाहरण व्यावसायिक टेनिसने पाहिले आहे. फ्रान्सच्या मेरी पियर्सचे वडील आणि प्रशिक्षक जिम पियर्स यांच्या वर्तनामुळे १९९३ मध्ये त्यांना महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांना उपस्थित राहण्यास बंदी घालण्यात आली. मेरीने पुढे १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि २००० मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. जवळचे माणूसही खेळाडूचे नुकसान करू शकते आणि तिचे संरक्षण करणे ही संघटनेची जबाबदारी आहे, हे त्या प्रकरणाने अधोरेखित केले.

भारतीय अनुभव

भारतात टेनिसपटूची कारकीर्द आजही मोठ्या प्रमाणावर कुटुंबाच्या बळावर उभी राहते. मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादमध्ये वाढलेल्या सानिया मिर्झाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. वडील इम्रान मिर्झा तिचे प्रशिक्षक होते आणि आई नसीमा दौऱ्यांवर सोबत असत. मनगटाच्या दुखापतीने तिची एकेरीतील वाटचाल खुंटली. तरीही दुहेरी व मिश्र दुहेरीत मिळून तिने सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलाच्या जन्मानंतर तिने जानेवारी २०२० मध्ये होबार्ट येथील दुहेरीच्या विजेतेपदाने पुनरागमन केले. लहान मूल सांभाळत दौऱ्यावर परतणे ही गोष्ट खेळाडूच्या जिद्दीइतकीच घरच्यांच्या प्रत्यक्ष मदतीचीही असते.

पुण्याचे स्थान या संदर्भात वेगळे आहे. म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल, शहरातील क्लब आणि प्रशिक्षक यांमुळे येथे खेळाडूंभोवती एक वर्तुळ तयार झाले. मूळची अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली घडली आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक पटकावले. ऋतुजा भोसलेने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून, तर पुण्याच्याच अर्जुन कढेने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघातून खेळण्याचा मार्ग निवडला. ऋतुजाने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अमेरिकी विद्यापीठांच्या या व्यवस्थेत प्रशिक्षक, तंदुरुस्तीतज्ज्ञ, सरावाचे सहकारी आणि शिक्षण या गोष्टी एका छत्राखाली मिळतात. एकट्याच्या खेळाला त्यामुळे संघाची ऊब लाभते.

संघभावनेच्या परिणामाची चर्चा निघाली की लिअँडर पेसचे नाव हमखास निघते. एकेरीच्या क्रमवारीत ७३व्या स्थानापलीकडे न गेलेल्या पेसने १९९५ मध्ये दिल्लीत डेव्हिस चषकाच्या लढतीत क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचला पहिले दोन सेट गमावूनही नमविले. तो विजय केवळ पाठबळाच्या खात्यावर मांडता येणार नाही; गवताचे कोर्ट आणि पेसची नेटजवळची चपळाई यांचाही त्यात वाटा होता. परंतु संघ, कर्णधार आणि प्रेक्षक पाठीशी असताना काही खेळाडूंचा खेळ उंचावतो, हे त्यातून दिसते.

मदत मागण्याचा संकोच

आधार उपलब्ध असणे आणि तो मागता येणे यांतही अंतर असते. मनाने खंबीर असणे हेच ज्या क्षेत्रात भांडवल मानले जाते, तेथे ‘मला त्रास होतो’ असे म्हणणे अवघड जाते. जपानच्या नाओमी ओसाकाने २०२१ मध्ये फ्रेंच ओपनमधून माघार घेताना २०१८ पासून आपण नैराश्याशी झगडत असल्याचे जाहीर केले. चार ग्रँड स्लॅम विजेतेपदे नावावर असलेल्या खेळाडूची ही कबुली जगभर चर्चेचा विषय ठरली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या आयोजकांनी खेळाडूंसाठी मानसिक आरोग्यसेवा उपलब्ध करून देण्याची घोषणा केली. जिंकणाऱ्याला आधाराची गरज नसते, हा समज त्या प्रकरणाने मोडीत काढला.

व्यवहारात काय करावे?

आतापर्यंतच्या संशोधनातून घर, क्लब आणि संघटना यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी हाती लागतात.

पहिली, आधार गरजेशी जुळावा. तांत्रिक अडचण प्रशिक्षकाने सोडवावी. मन खचले असेल तर घरच्यांनी ऐकून घ्यावे. आईने किंवा वडिलांनी प्रशिक्षक होण्याचा मोह टाळलेला बरा. पालकच प्रशिक्षक असतील, तर कोर्टवरचे नाते कोर्टवरच ठेवण्याची शिस्त पाळावी.

दुसरी, वेळ महत्त्वाची. पराभवानंतर लगेच, विशेषतः परतीच्या प्रवासात, सामन्याची चिरफाड करू नये. खेळाडूने स्वतः विषय काढेपर्यंत थांबावे.

तिसरी, एकाच माणसावर सारा भार नको. प्रशिक्षक, पालक, भावंडे, शाळेतील मित्र, सरावाचे सहकारी असे अनेक धागे असावेत. टेनिसबाहेरचे मित्र खेळाडूला त्याच्या क्रमवारीपलीकडे ओळखतात, म्हणून त्यांचे मोल वेगळे असते.

चौथी, खेळाडूलाच विचारावे. ‘सामन्याच्या वेळी मी कुठे बसू? नंतर बोलू की नको?’ हे दोन साधे प्रश्न पुष्कळ गैरसमज टाळू शकतात. वयानुसार उत्तरे बदलतात, म्हणून ते दर हंगामात पुन्हा विचारणे योग्य.

पाचवी, खर्चाचे ओझे मुलाला ऐकवू नये. ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य उच्चारले गेले की प्रत्यक्ष मदतीचे कर्जात रूपांतर होते आणि प्रत्येक पराभव हा त्या कर्जाचा थकलेला हप्ता वाटू लागतो.

पाठबळाने कमकुवत सर्व्हिस वेगवान होत नाही, की सरावाची उणीव भरून निघत नाही. कौशल्य, शारीरिक क्षमता आणि परिश्रम यांना पर्याय नाही. मात्र कमावलेले कौशल्य दडपणाखाली वापरता येणे आणि हरल्यानंतरही खेळात टिकून राहणे, या दोन गोष्टींत सोबतच्या माणसांचा वाटा मोठा असतो. कुमार वयात टेनिस खेळणाऱ्यांपैकी फार थोडे व्यावसायिक खेळाडू होतात. उरलेल्यांच्या वाट्याला खेळाची गोडी येते की त्याच्याविषयी कायमची अढी, हेही बऱ्याच अंशी जाळीबाहेर उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यांवर ठरते.